देव घरकामाला हात लावतो का?

कराडच्या संत सखूची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिचा उत्तरार्ध सांगताना बहुतेक जण घाई करतात. जाचाला पिचलेली सून कृष्णेवर पाण्याला जाते, पंढरीला निघालेली दिंडी बघते आणि घागर तिथेच टाकून चालू लागते. घरचे तिला ओढून आणतात, खांबाला बांधतात. मग विठ्ठल बाईच्या वेषात येतो, तिला सोडवतो आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो. इथपर्यंत ही भक्तीची गोष्ट आहे. पुढे देव त्या घरात सखू होऊनच राहतो आणि सुनेच्या वाट्याची सगळी कामे उपसतो. तिकडे खरी सखू पंढरपुरात देह ठेवते आणि इकडे देव कराडात अडकतो, कारण सून परत आल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. अखेर रुक्मिणीलाच खटपट करावी लागते. ती सखूला पुन्हा उठवून घरी धाडते, तेव्हा कुठे रुक्मिणीचा नवरा मोकळा होतो. जगाचा धनी एका सुनेच्या कामात गुंतून पडला, ही कल्पना ज्याने किंवा जिने पहिल्यांदा रचली त्या माणसाला घरकाम आतून ठाऊक असणार.

'प्रभात'ने १९४१ मध्ये हंसा वाडकरांना घेऊन 'संत सखू' काढला आणि गोष्ट पुन्हा घरोघर गेली. पण तिच्यातला प्रश्न तसाच उभा आहे. घरातल्या रोजच्या कामात, चुलीपुढे, मुलाबाळांत देव भेटतो असे म्हणणारे पंथ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दाटीने नांदत आले. वारकरी, समर्थ संप्रदायी, दत्तभक्त, जैन, लिंगायत, नाममार्गी, अगदी मराठी ख्रिस्तीसुद्धा. म्हणणे थोड्याफार फरकाने सगळ्यांचे एकच. मात्र ते म्हटले कोणी आणि काम केले कोणी, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की चित्र पुष्कळ बदलते.

सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासार्ह पुरावा जात्यावरचा आहे. पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एकीचा हात खुंट्यावर, दुसरीचा वैरण घालायला, आणि ओवी सुरू व्हायची. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला. गुंफण अशी की देव आणि भाऊ कधी एकमेकांत मिसळले ते गाणारणीलाही कळू नये. विठ्ठल पाहुणा म्हणून येतो, त्याला बसायला पाट द्यावा लागतो, रुक्मिणी रुसते, तुळशीवरून दोघांत खटके उडतात. या ओव्यांतला देव संसारी आहे आणि त्याच्या संसारातही कटकटी आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळापासून सुरू झालेले हे काम हजाराहून अधिक गावांत पसरले आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्यांच्याआधी साने गुरुजींनी हे धन वेचून छापले होतेच. एवढ्या मोठ्या संग्रहात भक्ती आहे तितकीच तक्रारही आहे: सासुरवासाची, कष्टाची, बाईच्या जन्माची. ज्या बाया जात्याला देव म्हणत त्याच दळणाला वैतागत. दोन्ही खरे होते. जनाबाईबद्दलच्या दंतकथांतही हेच दिसते. नामदेवांच्या घरची ही दासी; विठ्ठल तिच्यासोबत दळतो, तिच्या शेण्या वेचतो. जनी कामात देव पाहते एवढेच त्या कथा सांगत नाहीत, देवाला कामाला लावतात.

ही कसोटी हाताशी ठेवून पुढचे पंथ पाहणे बरे.

सज्जनगड आणि चाफळ साताऱ्यात, अकरा मारुतींपैकी बहे आणि शिराळा सांगलीत. समर्थांची सावली दोन्ही जिल्ह्यांवर पडलेली आहे. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या 'दासबोधा'त रामदासांनी बाराव्या दशकाच्या आरंभीच सांगून टाकले की आधी प्रपंच नीट करावा, मग परमार्थाच्या मागे लागावे. प्रपंच सोडून परमार्थ करणाऱ्याची त्यांनी गय केलेली नाही. संन्याशाच्या तोंडून संसाराची इतकी रोखठोक बाजू घेतलेली क्वचितच आढळते. गंमत अशी की सांगणारे स्वतः लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळाले, अशी आख्यायिका आहे. त्यांचा प्रपंच म्हणजे मुख्यतः व्यवहार: हिशेब, लेखन, बांधकाम, माणसे सांभाळणे. रात्री रडणारे मूल आणि ओले सरपण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. तरी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. घराने ज्यांना कोपऱ्यात बसवले असते अशा स्त्रियांना त्यांनी मठाचा कारभार दिला. बालविधवा वेणाबाई मिरजेच्या मठात कीर्तनाला उभ्या राहिल्या, आणि अक्कास्वामींनी समर्थांच्या पश्चात मठाचा व्याप सांभाळला. देव घरात शोधा असे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांना घराबाहेर जागा मिळाली.

प्रपंचातला परमार्थ ही गोष्ट ज्यांच्या नावाशी आज सर्वांत घट्ट जोडली गेली आहे ते माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज. जन्म १८४५, देहत्याग २२ डिसेंबर १९१३. कुलकर्णीपणाच्या घरातला, बायको-मुले असलेला, कोर्टकचेऱ्या आणि दुष्काळ जवळून पाहिलेला हा माणूस. संसार टाकू नका, त्यात नाम घ्या, कर्तव्य करून फळ रामावर सोपवा, एवढेच त्यांचे सांगणे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशी त्यांची प्रवचने छापली गेली, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत ते पुस्तक डब्यांच्या फळीवर सापडते. वाचायला सोपे, छोटे. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पान संपते.

महाराजांची पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी आटपाडीच्या एका अंध मुलीशी लग्न केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी अशा मुलीचे लग्न होणे अवघड, आणि झाले तर सासरी तिचे काय होईल हे सांगायला नको. नामाच्या उपदेशापेक्षा ही कृती कसोटीला जास्त उतरते. गोंदवल्याचे दुसरे ठळक काम अन्नदानाचे. समाधी मंदिरात येणाऱ्या कोणालाही जेवण मिळते, मोबदला घेतला जात नाही. माणसारख्या पाण्यावाचून तडफडणाऱ्या तालुक्यात या प्रथेचे मोल पुण्या-मुंबईच्या भक्ताला एकदम उमगत नाही. तिथे भाजी निवडायला, धान्य पाखडायला, वाढायला सेवेकरी बसतात आणि त्यांत पुरुषही असतात. घरी चहाचा कप न विसळणारा गृहस्थ तिथे भक्तिभावाने पातेली घासतो. त्याच पुण्यकर्माची घरी लाज का वाटते, हे त्याला विचारायला हवे.

जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३ ते १९१४) याच काळातले. सीमेवरच्या या मुलखात कानडी-मराठी दोन्ही चालते. त्यांनी रोजच्या नेमावर भर दिला: ठरल्या वेळी बसायचे, नाम घ्यायचे, मग शेत आणि घर आहेच. त्यांच्याच परंपरेतले गुरुदेव रा. द. रानडे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असत आणि पुढे अलाहाबादला गेले. मराठी संतांच्या गूढवादावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये आला. मात्र नेमासाठी हवा असणारा निवांत तास घरातल्या कोणाला मिळतो आणि तो मिळावा म्हणून कोण आधी उठते, हा हिशेब कोणत्याही संप्रदायाच्या पोथीत लिहिलेला नाही.

दत्तसंप्रदायात तर हा विरोध उघडा पडतो. पलूस तालुक्यातले औदुंबर आणि पलीकडचे नरसोबाची वाडी ही नृसिंह सरस्वतींची स्थाने. 'गुरुचरित्रा'त एक देखणी घरगुती गोष्ट आहे: घरात धान्य नसलेल्या ब्राह्मणाची बायको दारच्या वेलीच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून गुरूंना वाढते, गुरू जेवतात आणि जाताना तोच वेल उपटून टाकतात. बाई रडते. वेलाचे मूळ खणताना धनाचा कुंभ सापडतो. शेंगांची भाजी हीच पूजा झाली, याहून सुंदर दाखला मिळणार नाही. पण त्याच ग्रंथात पतिव्रतेच्या आचाराचे अध्याय आहेत, त्यांत बायकोने नवऱ्यापुढे कसे नमावे याची यादी आहे. आणि त्या ग्रंथाचे पारायण बायकांनी करू नये असा दंडक कित्येक घरांत पाळला गेला, अजूनही काही ठिकाणी पाळतात. नैवेद्य तिच्या हातचा चालतो, पोथी तिच्या हातात चालत नाही.

कुळाचाराचेही असेच. पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, शिखर शिंगणापूरचा महादेव यांचे टाक देव्हाऱ्यात असतात. नवरात्रात मातीत धान्य पेरून घट बसवतात, चंपाषष्ठीला पुरुष तळी भरतात, बेंदराला बैलाला पुरणपोळीचा निवद दाखवतात. विट्या-खानापूर-आटपाडीकडची गलाई बांधवांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, आणि गावच्या जत्रेला ती माघारी येतात. हा देव पत्ता बदलला तरी सोबत जातो, कारण तो देवळापेक्षा घराचा असतो. त्याची सगळी तयारी ज्या बाईवर असते, तिला महिन्याचे चार दिवस त्याच देवापासून लांब बसावे लागते. मुले हाताशी आलेली, गॅस आलेला, तरी ही शिवाशिव पुष्कळ घरांतून गेलेली नाही.

सांगलीच्या जैनांकडे मात्र वेगळीच मांडणी सापडते. जैन धर्मात जग घडवणारा देव नाही, म्हणून घरकामात त्याला शोधायचा प्रश्नही नाही. तरी स्वयंपाकघराला इतके पावित्र्य देणारा समाज या भागात दुसरा नाही. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी श्रावकाच्या घरी चौका लावतात: पाणी गाळून उकळलेले, पीठ ताजे दळलेले, वस्त्रे धुतलेली, अंधार पडण्याच्या आधीचा सगळा मामला. मुनी मनाशी काही खूण धरून निघतात; ती एखाद्या दारात दिसली तरच थांबतात, नाहीतर उपाशी परततात. घासात केस किंवा किडा आढळला तर आहार तिथेच संपतो. दारात नवरा-बायको दोघे जोडीने उभे राहून मुनींना बोलावतात, आणि मन, वचन, काया व आहारपाणी शुद्ध असल्याचे दोघेही तोंडाने सांगतात. म्हणजे अन्नाच्या शुद्धीची जबाबदारी निदान त्या दारात तरी दोघांची. विसाव्या शतकात मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे शांतिसागर महाराज यांना १९२४ मध्ये सांगलीजवळच्या समडोळीत आचार्यपद मिळाले, आणि त्यानंतर या गावांत चौका लावणे ही कुटुंबाच्या अभिमानाची गोष्ट झाली. चौक्यामागचे राबणे पुन्हा बायकांचेच, हे नाकारता येत नाही. मिरज-जत भागातल्या लिंगायत घरांत गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा होते, आणि बसवण्णांच्या कायकाच्या शिकवणीत हातच्या कामालाच पूजेचा दर्जा आहे. तिथे इष्टलिंग बाईच्याही गळ्यात असते, ही मोठी गोष्ट.

ख्रिस्ती बाजूने साताऱ्याने एक विलक्षण प्रयोग पाहिला. पॅरिसच्या मठात स्वयंपाक करता करता देवाशी बोलणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे नाव युरोपात सतराव्या शतकापासून घेतात, आपल्याकडे ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. जात-पंथाच्या पलीकडचे ख्रिस्तप्रेमी कुटुंब त्यांना घडवायचे होते. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले आणि प्रयोग विरला. टिकले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे'. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या घरी ही बाई वाढली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती हादरली, आणि तिचा स्वतःचा धर्म हळूहळू बदलला तो पाण्याच्या तांब्यापाशी आणि ताटापाशी, प्रवचनाने नव्हे. पैसा हातात न टिकणाऱ्या, येईल त्याला घरी आणणाऱ्या देवमाणसाचा संसार ओढताना काय होते, हे तिने हसत हसत लिहून ठेवले. नवऱ्याच्या औदार्याची किंमत स्वयंपाकघर मोजते, ही गोष्ट मराठीत इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या प्रेमाने दुसऱ्या कोणी लिहिली असेल असे वाटत नाही.

त्याच साताऱ्यात, टिळकांच्या वीसेक वर्षे आधी, लष्करातून निवृत्त झालेले रामजी सकपाळ राहत होते. कबीरपंथी माणूस, संध्याकाळी मुलांना भोवती घेऊन भजने आणि दोहे म्हणवून घ्यायचे, त्यात कुचराई चालत नसे. १८९६ मध्ये पत्नी भीमाबाई साताऱ्यातच वारल्या आणि घर रामजींची बहीण मीराबाई यांनी सांभाळले. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत बसणारा धाकटा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. पुढे १९५६ मध्ये त्याच भीमरावांनी नागपुरात लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि दलित वस्त्यांतल्या देव्हाऱ्यातले टाक उतरले. आज त्या घरांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे वंदना होते. घरातली ठरावीक वेळ, सगळ्यांनी एकत्र बसणे, मोठ्याने म्हणणे, हे बापाकडून आलेले वळण मात्र टिकलेले दिसते. ज्या देवाने घराबाहेर विहिरीचे पाणी दिले नाही तो घरात तरी कशाला हवा, हा त्यांचा सवाल या आढाव्यातला सर्वांत टोकदार सवाल आहे.

तो सवाल या मातीत आधीही विचारला गेला होता. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने लग्नातून भटजी काढून टाकला. निर्मिकाशी बोलायला दलाल लागत नाही, घरचे विधी घरच्यांनी करावेत, ही त्यामागची भूमिका. सातारा जिल्ह्यात हा विचार रुजला आणि बेचाळीसनंतर प्रतिसरकारने त्याला नवे रूप दिले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या काळात गांधी-विवाहांचा प्रसार झाला: हुंडा नाही, मानपान नाही, कर्जाने घर बुडत नाही. जी. डी. बापू लाडांचे कुंडलचे १९४५ चे लग्न त्यातलेच. देवाला घरातून हाकलणे हा यांचा हेतू नव्हता. देवाच्या नावावर घरावर चढलेला बोजा त्यांना उतरवायचा होता.

आता वर्तमान. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरडमार्गे जाते, चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते, आणि वाटेवरची घरे पिठले-भाकरीच्या चळती लावतात. कित्येक घरांत ठरलेली दिंडी ठरलेल्या दिवशी उतरते, पिढ्यान् पिढ्या. भाकरी थापणाऱ्या बायांना विचारले तर त्या वारकऱ्यालाच विठ्ठल म्हणतात, आणि त्या म्हणण्यात खोटे काही नसते. वर्षातून एकदा आपल्या हातच्या भाकरीचे कौतुक चारचौघांत होते, याचा आनंदही त्यात असतो. पण उरलेल्या दिवसांचे काय? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे ८८. घरकाम ही पूजा असेल तर पूजेचा एवढा मोठा वाटा पुरुषांनी इतक्या सहज सोडून कसा दिला, याचे उत्तर एकाही पंथाकडे नाही.

म्हणून या विषयावर बोलताना दोन परंपरा वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. कामाला देव म्हणा, म्हणजे कष्ट हलके होतील, असे सांगणारी एक. ती बहुधा काम न करणाऱ्याच्या तोंडी असते, आणि तिच्यावर विसंबू नये. दुसरीत देव स्वतः खुंट्याला हात लावतो, सुनेच्या जागी बांधून घेतो, भुकेल्याला वाढतो. सखूची कथा, जनीच्या आख्यायिका, गोंदवल्याची पंगत आणि चौक्याच्या दारातली जोडी ही सारी तिच्यातली. हिच्यातला देव कामाचे गुणगान करत बसत नाही, ओझे वाटून घेतो.

या दुसऱ्या परंपरेची मूळ नोंद बायकांच्या गळ्यात आहे, आणि ती झपाट्याने संपते आहे. विजेच्या गिरण्या येऊन कैक दशके झाली; स्वतः जात्यावर दळलेल्या आणि ओव्या पाठ असलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. माण, खटाव, पाटण, जत, शिराळा या तालुक्यांत ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी तिच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, सोबत तिचे नाव, माहेर, सासर आणि गाव लिहावे, आणि विठ्ठलाबद्दलच्या ओव्यांइतक्याच सासूबद्दलच्या ओव्याही जपाव्यात.